बुडखा खाली, शेंडा वर

आमच्या घरात लाकूड आडवं असेपर्यंत नुसतं लाकूड असायचं. उभं करायची वेळ आली की त्याला रीत लागायची. खांब असो, दाराची चौकट असो, नाहीतर गोठ्यातली मेढ असो, झाड जसं जमिनीत उभं होतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे. बुडखा खाली, शेंडा वर. माझे वडील अण्णा म्हणायचे, "माणसाला उलटं टांगलं तर किती दिस जगंल?" उलट्या खांबाच्या घरात पाळणा हलत नाही, गाय आटते, कर्ता माणूस अंथरूण धरतो, हे सगळं मी रांगत असल्यापासून ऐकलेलं. ओंडका सोलला आणि दोन्ही टोकं करवतीनं सारखी केली की कुठला बुडखा नि कुठला शेंडा हे शेतकऱ्याला ओळखू येत नाही. सुतार गाठींचा कल बघतो. फांदी वरच्या अंगाला झुकते, म्हणून गाठही तिकडंच झुकलेली असते. तरी शंका राहिली तर अण्णा ओंडका विहिरीत सोडायचे. बुडख्याकडचं अंग जड, ते खाली जातं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गावातल्या एकाही विहिरीत ओंडका बुडेल एवढं पाणी नव्हतं.

दुष्काळाबद्दल लोक फार मोठमोठ्यानं बोलतात. मला तो आठवतो मिलोच्या भाकरीवरून. सोसायटीच्या गोदामातून ती तांबडी परदेशी ज्वारी मिळायची, तिचं पीठ काही केल्या एकमेकांना धरायचं नाही. माय गरम पाण्यात मळायची, दोन्ही हातांनी जपून तव्यावर टाकायची, आणि तिथं भाकरीला तडा जायचाच. "ही भाकर न्हाई, नकाशा हाय," असं माय म्हणायची. बरोबर येसराची पातळ आमटी, तीही इतकी पातळ की ताटाचं बूड दिसायचं. धाकटी शांती तीन वर्षांची. तिला ती भाकरी गिळवायची नाही, मग माय चावून मऊ करून तिच्या तोंडात घालायची. गावातला सगळा जाणता माणूस खडी फोडायला जायचा. दिवसभर माळावरून दगड फुटल्याचा आवाज यायचा. आणि आमच्या पडवीत, जिथं वाकस आणि करवत बारा महिने बोलायची, तिथं सगळं मुकं होतं. पेरणीच नाही तर औत कोण दुरुस्त करणार?

अण्णाही खडीवर गेले आणि पंधराव्या दिवशी उजव्या हाताची तीन बोटं दगडाखाली देऊन आले. हाताला चिंधी, चिंधीला हळद, आणि तोंडातून एक शब्द नाही. अण्णांचं न बोलणं हे त्यांच्या बोलण्याहून वाईट. ते तापट होते असं लिहिणं म्हणजे साखर गोड असते असं लिहिण्यासारखं झालं. त्यांना लाकूड बिघडलेलं सहन व्हायचं नाही. माझ्या हातून एकदा बाजेचा पाय चिरला, तर त्यांनी हातातली पटाशी अशी फेकली की माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीत रुतली. मारायची म्हणून फेकली नव्हती हे मला आज कळतं. तेव्हा फक्त भिंतीत रुतलेलं पातं दिसत होतं. माय ती पटाशी ओढून काढताना म्हणाली, "पोरगी हाय हो, फळी न्हाई." त्यावर ते तिच्याकडे वळले, आणि माय मुकाट्यानं चुलीपाशी गेली.

मी चौदा वर्षांची. मला भाऊ नव्हता, म्हणून करवतीचं दुसरं टोक धरायला मीच असायची. त्यातून लाटणं, पळी, पोळपाट एवढं मला येऊ लागलं होतं. बाईच्या जातीनं हत्याराला हात लावू नये हे सगळ्या गावाला मान्य होतं. आमच्या घरालाही मान्य होतं, पण करवतीला दोन टोकं असतात, त्याला काय करणार.

अशात एका सकाळी सोसायटीचे चेरमन दारात आले. बरोबर पोतराज दगडूमामा, कमरेला घुंगरं, खांद्यावर चाबकासारखा कोरडा. गावच्या शिवेवर लिंबाखाली मरीआई होती. मूर्ती म्हणाल तर मूर्ती, नाहीतर छातीएवढा लाकडाचा खुंट. वरच्या भागात मोठाले डोळे, रुंद नाक, दात विचकलेलं तोंड, आणि बाकी सगळा शेंदूर. गावात शिरणारी रोगराई तिनं बाहेरच अडवायची असं तिचं काम.

"मिस्त्री," चेरमन म्हणाले, "देवीला वाळवीनं खाल्लं. परवा कोंबडं दावायला गेलतो, तर गालावर बोट ठिवलं अन् बोटच आत गेलं. पटकीचे दिस हायेत. नवी बसवायची. तुमच्यानं व्हतंय का, का शेजारच्या युसूफ वडगाव गावातनं सुतार आणू?"

अण्णांनी उजवा हात धोतराच्या सोग्याखाली घेतला. "माझ्या आज्यानं बसवलेली देवी हाय. माझ्याबिगर कोन करील?"

"हात?"

"हात बरा हाय."

हात बरा नव्हता. हाताला वास यायला लागला होता. पण दुसऱ्या गावचा सुतार एकदा शिवेच्या आत आला की देवीपाठोपाठ औतं, औतांपाठोपाठ गाड्या त्याच्याकडे जाणार. सुगीला खळ्यावरून मिळणारं आमचं बलुतं, आज्या-पणज्यापासूनचं, ते जाणार. चेरमन गेल्यावर अण्णांनी पडवीला चारी बाजूंनी पोती बांधली आणि मला आत बोलावलं. "तू करशील. म्या सांगन तसं. आन् ह्यातलं एक अक्षर भाईर गेलं तर याद राख."

माय दारातच उभी होती. ती म्हणाली, "देवीचं काम हाय. पोरीच्या हातून काय चुकलं-माकलं तर ती पोरीलाच धरंल."

"तर मंग तूच सांग, काय खायाचं पुढल्या साली?"

आधी जळणातल्या बाभळीवर शिकायचं ठरलं. डोळे सोडून बाकी तोंड काढायचं. डोळे फक्त खऱ्या देवीला, आणि तेही शेवटी, तोंडाला फडकं बांधून, म्हणजे आपला उष्टा श्वास तिच्या डोळ्यांत जाऊ नये. माझं पहिलं तोंड घुबडासारखं झालं. दुसऱ्याला हनुवटीच उरली नाही. तिसरं मात्र हुबेहूब चेरमनसारखं झालं आणि मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. अण्णा हसले नाहीत. ते डाव्या हाताच्या बोटानं दाखवत होते, "हितं नाक उचल. हितं दाब. वाकस वढू नको, पडू दे." वाकस म्हणजे आडव्या पात्याची लहान कुदळच. ती आपल्याच पायांच्या मध्ये मारायची असते. रोज वाटायचं आज आपली नडगी जाणार. ती बिनडोळ्यांची तोंडं भिंतीला ओळीनं टेकवलेली असायची. माय म्हणाली, "तोंड असलेलं लाकूड म्या चुलीत घालणार न्हाई." मग जळण कमी असतानाही ती तशीच राहिली. शांती पडवीत यायची बंद झाली. खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याकडे पाठ करून बसवत नव्हतं.

मागं एकदा नातवानं मला शहरात एका मोठ्या हॉटेलात नेलं. भिंतीवर लाकडी मुखवटे, कुठल्याशा बेटावरच्या देवांचे. मोठे डोळे, दात विचकलेले. नातू म्हणाला, "आजी, कसे भारी आहेत ना?" मी खुर्चीवरून उठून एकेकाच्या गाठी बघत होते. दोन उलटे होते. मला घास गेला नाही, आणि का गेला नाही हे नातवाला सांगता आलं नाही.

खरं लाकूड आलं ते चेरमनच्या मळ्यातल्या वाळलेल्या लिंबाचं. अण्णांनी बुडखा ओळखून त्यावर गेरूची फुली मारली. ते अंग मातीत जायचं. दुसऱ्या अंगाला कोळशानं त्यांनी तोंडाची रेघ काढली. चार दिवस त्यांनी माझ्याशेजारी बसून कपाळ, गाल आणि ओठ काढून घेतले. पाचव्या दिवशी त्यांना थंडी भरून आली, हात कोपरापर्यंत सुजला. सकाळच्या एसटीनं त्यांना केजच्या दवाखान्यात नेलं आणि तिथंच ठेवून घेतलं. जाताना मला म्हणाले, "नाक तेवढं नीट काढ. डोळ्यांना हात लावू नको." देवी बसवायला सहा दिवस उरले होते.

नाक मोडलं ते दुसऱ्याच दिवशी. मी वाकस ओढली. "वढू नको" हे शंभरदा ऐकून मी ओढली. लिंब वाळून कडक झालेला होता. एक ढलपा उडाला आणि नाकाच्या जागी, गालापासून गालापर्यंत, पांढरं सपाट लाकूड दिसायला लागलं. मी तो ढलपा शोधून परत त्या जागी धरून बघितला. सोडला की पडायचा. माय पाणी आणायला टँकरवर गेली होती, शांती झोपली होती. मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. डोळ्यांपुढं देवी नव्हती. भिंतीत रुतलेली पटाशी होती.

मग मी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं आणि अडाण्याला सुचलं नसतं. ते फक्त सुताराची घाबरलेली पोरगीच करू शकते. मी ओंडका फिरवला. बुडख्याकडची गेरूची फुली रंध्यानं उडवली आणि त्या अंगाला नव्यानं तोंड काढायला घेतलं. मोडकं तोंड आता मातीत जाणार होतं. मला रीत माहीत नव्हती असं नाही. प्रत्येक घावाला ती माझ्या कानात होती. तरी मी थांबले नाही. केजला निरोप धाडला असता तर दुसरं लाकूड मिळालं असतं, चेरमनच्या मळ्यात वाळक्या झाडांना काय तोटा. पण निरोप धाडायचा म्हणजे अण्णांना कळणार.

तीन दिवसांत दुसरं तोंड झालं, आणि सांगायला लाज वाटते, ते पहिल्यापेक्षा सरस झालं. भीतीनं माझा हात हलका पडत होता. खालचं मोडकं तोंड मी वाकशीनं तासलं, पण ओठ खोल गेले होते. ते सगळे तासायचे तर खुंट बारीक झाला असता. शेवटी वाळवी लागू नये म्हणून मातीत जाणारं अंग जाळतात तसं मी ते जाळलं आणि वर गोदामाच्या दाराला लावून उरलेलं डांबर फासलं. ओठ काळ्यात बुडाले. मायनं विचारलं, "येवढं डांबर कावून?" मी म्हटलं, "वाळवी लागती." वरच्या भागाला तेल आणि शेंदूर चढवून टाकला. त्यात गाठीही झाकल्या. फक्त डोळ्यांची जागा कोरी ठेवली.

अण्णा आले ते बसवायच्या दिवशी पहाटे. हात गळ्यात, तोंड उतरलेलं, दोन बोटं कायमची गेलेली. देवीपुढं उकिडवे बसले आणि नाकावरून डावा अंगठा सावकाश फिरवला. "नाक झ्याक जमलंय," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. त्याच वेळी सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की तो आता झिजून गेला. त्या तीन शब्दांनंतर माझं तोंड उघडणं शक्य नव्हतं. आम्ही तोंडाला फडकी बांधली, आणि त्यांनी आपला बांधलेला हात माझ्या मनगटावर ठेवला. मी डोळे कोरले. दुसरा डोळा पुरा झाला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. देवीनं बघावं तसं नव्हे. चोराला ओळखल्यासारखं.

वाजतगाजत देवी बसली. आठव्या दिवशी पोरांना जुलाब सुरू झाले. आधी वेशीजवळच्या दोन घरांत, मग चेरमनच्या नातवाला, मग आमच्या शांतीला. टँकर रिकामा व्हायचा तो कोरड्या पडलेल्या विहिरीत, आणि तिथून लोक खरवडून पाणी काढायचे. नंतर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणीच खराब होतं. हे मला पटतं. मी काही देवभोळी बाई नाही, माझ्या घरात पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. पण तेव्हा शांतीचे डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, आणि माय चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी तिच्या ओठात सोडते आहे, हे बघताना मला एकच दिसत होतं. उलटी उभी केलेली बाई, डोकं बुडख्याला, आणि मातीखाली तिचं दुसरं तोंड, ज्याला मी नाक ठेवलं नाही. मायनं म्हटलंच होतं, ती पोरीला धरंल. पण मला सोडून तिनं चुकीच्या पोरीला धरलं होतं. मी शांतीच्या उशाशी बसून मनात म्हणायची, मला धर, मला धर. आणि पोटात जरा कळ आली की घाबरून लगेच म्हणायची, नको.

चेरमनच्या नातवाला सोसायटीच्या ट्रॅक्टरमधून केजला नेलं त्या दुपारी दगडूमामाच्या अंगात आलं. त्यांनी कोरडा दंडावर ओढला आणि म्हणाले, देवी सुखानं बसलेली नाही, तिच्या बुडात खोट आहे, उचलून बघा. अर्धा गाव लिंबाखाली जमला. मीही गेले. घरात बसवेना आणि तिथं उभं राहवेना. मी लिंबाच्या बुंध्याला धरलं.

अण्णा पुढं झाले. "दुसऱ्यानं हात लावू नगा. म्या काढतो." एका हातानंच त्यांनी पहारीनं माती सैल केली, मग फक्त दगडूमामांना हाताशी घेऊन खुंट वर उचलला आणि आडवा केला. उन्हानं डांबराला भेगा पडल्या होत्या, मातीबरोबर त्याचा मोठा पापुद्रा सुटला. गर्दीतली एक बाई किंचाळली, "अगं बया! खाली बी तोंड हाय!"

सगळे मागं सरले. अण्णा तेवढे वाकले. त्यांनी त्या काळ्या ओठांवरून बोट फिरवलं. मग कमरेच्या फडक्यानं मधल्या भागातला शेंदूर पुसला आणि गाठ बघितली. गाठ मातीकडे झुकलेली होती. त्यांना सगळं कळायला तेवढं पुरलं. त्यांनी मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी लिंबाला आणखी घट्ट धरलं. आता ते माझं नाव घेणार, आणि मग जे काही होईल ते होईल, एवढंच मला वाटत होतं.

"काय हाय हे, मिस्त्री?" चेरमननी विचारलं.

"माझी चूक हाय," अण्णा म्हणाले. "पयलं तोंड बिघडलं. म्या लाकूड फिरवलं. बुडखा वर गेला. तुमाला कळणार न्हाई म्हून डांबर फासलं."

बुडखा वर गेला हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्या गर्दीत ते ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. पण लाकडाबद्दल खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं, माझ्यासाठीसुद्धा ते खोटं बोलले ते फक्त 'म्या' या एका शब्दात.

"कुणाचा हात लागलता का आनखी?" दगडूमामांनी विचारलं.

"कुणाचा न्हाई."

मी बोलले नाही. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण अण्णांच्या हयातीत ते कुठंच सांगितलं नाही. चेरमन म्हणाले, "नातू दवाखान्यात हाय माझा. आजपसून गावाचं एक औत तुमच्या दारात येणार न्हाई." कुणी त्यांना अडवलं नाही. नातू चौथ्या दिवशी हसत-खेळत परत आला, पण औतं आली नाहीत. पुढं अण्णा केजला सुतारांच्या सहकारी संस्थेत गेले, शाळांची बाकडी करायला. तिथं बाकड्याचा पाय बुडखा की शेंडा हे कुणी विचारत नव्हतं, आणि तरी ते बघायचे.

त्या दिवशी आम्ही दोघं घराकडे निघालो. ते पुढं, मी चार पावलं मागं. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते, तो कधी उठतो म्हणून. ओढ्याच्या कोरड्या पात्रात ते थांबले, पण मागं वळले नाहीत.

"कुसुम. रीत ठावं व्हती ना तुला?"

"व्हय."

"देवी धरंल हे बी ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग मला कावून बोलावलं न्हाईस? येक निरोप धाडायचा. केज काय लांब हाय?"

मग ते वळले. माझ्याकडे बघितलं, आणि मी दोन्ही हात डोक्यावर घेतलेले त्यांना दिसले. मी ते कधी घेतले मलाही कळलं नव्हतं.

"देवीपक्षा माझं भ्या वाटलं व्हय गं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

घरी आलो तेव्हा शांती मायच्या मांडीला टेकून बसली होती, पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून, आणि माय एका हातानं मिलोची भाकरी तव्यावर टाकायच्या खटपटीत होती. अण्णा चुलीपुढं बसले. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग अगदी हळू आवाजात, असा आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांनी मायला विचारलं, "तुला बी माझं भ्या वाटतं का?"

मायचा हात तव्यावर थांबला. भाकरीला मधोमध तडा गेला. तिनं तो बोटांनी जुळवला, पुन्हा गेला, पुन्हा जुळवला.

"जेवा आदी," ती म्हणाली.